तिसरी-चौथीला कायदा शिकवायचा, तर सुरुवात कोर्टापासून नको

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जावळीतल्या वाडीवरची जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत, मुलं 28. "कायदा म्हणजे काय?" विचारलं की सगळी एका सुरात सांगतात, "पोलीस धरून नेतात." 26 नोव्हेंबरच्या संविधान दिनाला कोर्टाचं नाटक बसवावं का आणि मुलांना साताऱ्याचं कोर्ट दाखवायला न्यावं का, हे तुम्हाला हवंय.

मी वकिली करते आणि गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या कार्यक्रमांतून प्राथमिक शाळांत तास घेते. त्या कामातून जे पटलंय ते लिहिते. नाटक जरूर बसवा, पण सगळ्यात शेवटी. चालू कोर्टात मुलांना नेणं या वयात टाळा. आणि या दोन्हींच्या आधी करायचं काम जास्त महत्त्वाचं आहे.

मुलांना माहिती कमी आहे ही खरी अडचण नाही. अडचण ही की त्यांच्या डोक्यात कायद्याचं एक चित्र आधीच पक्कं बसलंय: ज्याच्या हातात जोर तो ठरवणार आणि जो सापडला त्याला मार बसणार. हे चित्र घरातून येतं, मोबाइलवरून येतं आणि शाळेतूनही येतं. "गप्प बस, नाहीतर पोलिसात देईन" हे वाक्य मुलानं शाळेत यायच्या आधीच कैक वेळा ऐकलेलं असतं. त्या चित्रावर तालुका न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय अशी नावं चढवली तर मुलं ती पाठ करतात, खालचं चित्र तसंच राहतं. म्हणून या वयात मी पाचच गोष्टी धरते. निवाड्याआधी दोन्ही बाजू ऐकायच्या. अंदाज आणि पुरावा यांत फरक असतो. नियम करणाऱ्यालाही नियम लागू असतो. निकाल देणाऱ्यानं कारण सांगायचं. आणि आपल्यावर अन्याय झाला तर सांगायला जागा आहे. कलमांचे आकडे, न्यायाधीशांची नेमणूक, खटल्यांचे प्रकार हे पाचवीनंतर आलं तरी काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या वर्गावर अवलंबून आहे, ती तुम्हालाच आधी तपासावी लागेल. कोणकोणत्या घरात कोर्ट-पोलीस आधीच पोचलेत? कुठे बांधाची केस चालू असते, कुठे आई माहेरी आणि पोटगीचा दावा, कुठे वडील दारूच्या भांडणातून ठाण्यात जाऊन आलेले. खाली कराड-वाळव्याच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या कोप्यांवरची (झोपड्यांवरची) मुलं वर्गात असतात. पारधी वस्तीवरच्या मुलांनी रात्री दारात आलेली पोलिसांची गाडी पाहिलेली असते. 1871 च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी वर्गात पेन्सिल हरवली की नजरा कुठे वळतात हे शिक्षकाला दिसतंच. त्यामुळे "कोण कोण पोलीस ठाण्यात गेलंय?" हा प्रश्न वर्गात विचारू नका. वर्गात खरोखर घडलेली चोरी-मारामारी उदाहरण म्हणून घेऊ नका. गोष्टीतल्या पात्राला वर्गात कुणाचंच नसलेलं नाव द्या, आडनाव तर देऊच नका. आणि पहिलं उदाहरण चोरीचं नको, कारण चोरी म्हटलं की मुलं लगेच शिक्षेवर उडी मारतात.

आता पहिला उपक्रम. याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

अंगणात किंवा व्हरांड्यात खडूनं तीन मोठी रिंगणं काढा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. गोष्ट सांगा की शाळेच्या परसबागेतलं पपईचं रोप सकाळी मोडलेलं सापडलं आणि सगळे म्हणतात, सोनूनं मोडलं. मग सहा चिठ्ठ्या वाचायच्या, प्रत्येक चिठ्ठी एका मुलाच्या हातात. "सोनूच्या चपलेला चिखल होता, मी बघितला." "सोनू मागेपण झाडं तोडायचा, असं गणू म्हणत होता." "सकाळी सोनू बागेकडून येताना मला दिसला." "रोपाजवळ शेळीच्या लेंड्या पडलेल्या मी पाहिल्या." "सोनू खोडकर आहे, त्यानंच केलं असणार." "फाटकाची कडी सकाळी उघडीच होती, मी पाहिली." चिठ्ठी हातात असलेल्या मुलानं योग्य रिंगणात जाऊन उभं राहायचं. बाकीच्यांनी बरोबर की चूक ते सांगायचं.

चिठ्ठ्यांची वाटणी पाच मिनिटांत होते. खरा धडा त्यानंतर सुरू होतो. "पाहिलं"च्या रिंगणात चौघं उभे असतात. त्यांतल्या एकेकाला विचारा, "यावरून नक्की काय कळतं?" चपलेला चिखल होता, यावरून सोनू चिखलातून चालला एवढंच कळतं. नळाजवळ पण चिखल असतो की! बागेकडून येताना दिसला, यावरून तो तिकडून आला एवढंच कळतं. लेंड्यांवरून शेळी केव्हातरी आली होती एवढंच कळतं, रोप तिनंच खाल्लं असं नाही. डोळ्यांनी पाहिलेली गोष्टसुद्धा जेवढी आहे तेवढीच सांगते, हे मुलांना स्वतःच्या तोंडून म्हणू द्या. "ऐकलं"वाल्या मुलाला विचारा, "मग आता आपण कुणाला बोलवायचं?" कुणीतरी म्हणतंच, "गणूला." गणूनं स्वतः पाहिलं का, ते गणूलाच विचारायला हवं. न्यायालयही ऐकीव गोष्टीवर सहसा विसंबत नाही, त्यामागचं कारण हेच. आणि सगळ्यात शेवटी विचारा, "आत्तापर्यंत सोनूला कुणी विचारलं का?" इथे वर्ग गप्प होतो. त्या शांततेत लगेच बोलू नका, पाच-दहा सेकंद जाऊ द्या.

मुलं तुम्हाला हमखास विचारणार, "पण गुरुजी, खरंच कुणी मोडलं?" उत्तर सांगू नका. उत्तर ठरवूच नका. फळ्यावर लिहा: सिद्ध झालं नाही. मुलांना हे आवडत नाही, ती अस्वस्थ होतात, काही जण "मग शेळीनंच" म्हणून मोकळी होतात. त्यांना समजावून सांगा की सिद्ध झालं नाही म्हणजे सोनूनं केलं नाही असंही नाही आणि केलं असंही नाही. आपल्याकडे पुरेसा पुरावा नाही, म्हणून आपण त्याला शिक्षा करू शकत नाही आणि त्याला चिडवूही शकत नाही. फौजदारी न्यायाचा पाया नऊ वर्षांच्या मुलाला कळेल अशा शब्दांत एवढाच आहे. शिक्षकाला वाटतं, गोष्टीला शेवट हवा, म्हणून तो शेवटी खरा गुन्हेगार शोधून देतो, आणि इथेच हा उपक्रम फसतो. गुन्हेगार सापडला की मुलांच्या लक्षात तोच राहतो, बाकी सगळं पुसलं जातं.

एकूण वेळ 35 ते 40 मिनिटं. पहिली-दुसरीची मुलं सोबत असतील तर दोनच रिंगणं ठेवा, पाहिलं आणि वाटलं, आणि चिठ्ठ्यांऐवजी चित्रं द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला नुकसान किती झालं हे दिसतं, हेतू काय होता हे सहज दिसत नाही. त्याच्या लेखी चुकून फुटलेला मोठा माठ हा मुद्दाम फोडलेल्या पेल्यापेक्षा मोठा गुन्हा असतो. त्याला वाद घालून पटवू नका. "चुकून की मुद्दाम?" हा प्रश्न रोजच्या भांडणात विचारत राहा, वर्षभरात फरक पडतो.

दुसरा उपक्रम वर्गाचे नियम करण्याचा. हा बहुतेक शाळांत होतो, पण शिक्षक पाच नियम तक्त्यावर लिहून लावतात आणि मुलं ते वाचतात. त्यात कायदा शिकवण्यासारखं काही उरत नाही. मुलांकडून सूचना घ्या, सगळ्या फळ्यावर येऊ द्या, आणि प्रत्येक नियमाला तीन प्रश्न लावा. हा कशासाठी? सगळ्यांना पाळता येईल का, अगदी पाय दुखणाऱ्याला किंवा दोन किलोमीटर चालत येणाऱ्यालाही? गुरुजींनाही लागू का? "उशिरा येणाऱ्यानं बाहेर उभं राहायचं" हा नियम मुलं आवडीनं सुचवतात आणि दुसऱ्या प्रश्नावर तो पडतो, कारण डोंगरापलीकडून येणारं मूल पावसाळ्यात उशिराच येणार. तिसऱ्या प्रश्नावर तुमची परीक्षा आहे. मुलांनी "वर्गात मोबाइलवर बोलायचं नाही" असा नियम केला आणि तुम्ही तासाला फोन घेतलात, तर मोडणारा नियम मोबाइलचा नसतो, सगळ्या नियमांवरचा विश्वास मोडतो. कार्यालयाचा फोन घ्यावाच लागतो, हे खरं आहे. मग ते आधीच सांगा आणि नियमातच लिहून घ्या: कामाचा फोन आला तर गुरुजी सांगून बाहेर जातील. अपवादसुद्धा आधी ठरवून, सगळ्यांना सांगून ठेवता येतो, हे मुलांना त्यातून कळतं. चार-पाच नियमांच्या वर जाऊ नका.

मग शिक्षेचा विषय निघतो आणि मुलं अंगावर काटा येईल अशा शिक्षा सुचवतात. शंभर उठाबशा, दिवसभर कोंबडा, डबा बंद. नाही म्हणू नका. एक पट्टी काढून भिंतीवर लावा, तिच्यावर "वर्गाचे नियम". तिच्या वर दुसरी, "कायदा". तिच्याही वर तिसरी, "संविधान". आता सांगा की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शाळेत मुलाला मारायला आणि त्याच्या मनाला त्रास देणारी वागणूक द्यायला बंदी आहे. मग शंभर उठाबशांचा नियम आपल्याला करता येईल का? मुलं पट्ट्यांकडे बघून सांगतात, खालची पट्टी वरचीला मोडू शकत नाही. पुढचा प्रश्न विचारा, "आणि सरकारनंच उद्या कायदा केला की मुलींनी शाळेत यायचं नाही, तर?" वरच्या पट्टीवर समानता लिहिलेली आहे, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क लिहिलेला आहे. तो कायदा टिकणार नाही, आणि टिकणार नाही असं सांगण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. परिपाठात मुलं संविधानाची उद्देशिका रोज म्हणतात. ती कशासाठी म्हणायची, हे या तीन पट्ट्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात येतं.

शिक्षेच्या जागी भरपाई लिहून घ्या. सांडलं तर पुसायचं, फाडलं तर चिकटवायचं, दुखावलं तर काय केलं म्हणजे बरं वाटेल ते त्यालाच विचारायचं. दोन आठवड्यांनी नियमांवर पुन्हा बसा आणि एक तरी दुरुस्ती होऊ द्या. जुनी ओळ पुसू नका, तिच्यावर रेघ मारून शेजारी नवी ओळ आणि तारीख लिहा.

कायदा फक्त पोलिसांपाशी राहत नाही, हे दाखवायला पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद पुरतो. प्रत्येक चार मुलांत एक कागद द्या आणि शोधायला लावा: वजन, कमाल किंमत, बनवल्याची तारीख, कारखान्याचा पत्ता, हिरवा ठिपका. हे कंपनीनं हौसेनं छापलेलं नाही, कायद्यानं छापायला लावलंय, आणि छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. एसटीचं अर्धं तिकीटही असंच. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धंच तिकीट, कंडक्टरला मूल आवडो न आवडो. इथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, पुढे चला.

आपल्या भागातलं माणूस हवं असेल तर पेशव्यांचे न्यायाधीश, माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आहेत. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या खुनाचा दोष त्यांचे काका राघोबादादांवर येतो हे रामशास्त्रींनी त्यांच्या तोंडावर सांगितलं, तेही राघोबादादा गादीवर असताना. मग ते पद सोडून पुण्याबाहेर पडले. चौथीच्या मुलांना खुनाचं वर्णन नको, प्रायश्चित्ताचा तपशीलही नको. सगळ्यांत मोठ्या माणसालाही "हे तू केलंस का?" असं विचारणारं कुणीतरी हवं, एवढ्यासाठी ही गोष्ट घ्या. दुसरं निमित्त 7 नोव्हेंबरचं. 1900 साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत डॉ. आंबेडकरांचं नाव दाखल झालं, म्हणून राज्यात तो विद्यार्थी दिवस पाळतात. तिथून 26 नोव्हेंबरपर्यंत येणं सोपं आहे. पत्री सरकारची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारची गोष्ट मात्र या विषयासाठी घेऊ नका, असं मी आग्रहानं सांगेन. त्या चळवळीबद्दल मला मनापासून आदर आहे, तिच्या न्यायदान मंडळांनी गावोगावचे तंटे मिटवले. पण मुलांना त्यातली पायाला पत्री ठोकण्याची शिक्षाच लक्षात राहते, आणि आपण तर न्याय म्हणजे शिक्षा हे चित्र बदलायला निघालोय. ती इतिहासाच्या तासाला सांगा.

आता नाटक. इंटरनेटवर या विषयाची जी तयार सामग्री मिळते ती बहुतेक परदेशी असते. तिच्यात निकाल देणारे बारा पंच (ज्यूरी) बसलेले असतात, आपल्याकडे आता खटल्याचा निकाल पंच देत नाहीत, न्यायाधीश देतात. सिनेमातला लाकडी हातोडा आपल्या न्यायाधीशांच्या टेबलावर नसतो. साक्षीदार गीतेवर हात ठेवत नाही. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे देवाच्या नावानं शपथ घेतात किंवा नुसती सत्यप्रतिज्ञा करतात, आणि बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला शपथेचा अर्थ कळत नसला तरी खरं बोलायचं कळतं असं वाटलं, तर शपथेवाचूनही त्याचं ऐकून घेता येतं. ही शेवटची गोष्ट मुलांना जरूर सांगा. कोर्ट लहान मुलाचंही ऐकतं, हे त्यांना नवीन असतं.

खटला चोरीचा न घेता दिवाणी, म्हणजे पैशाच्या किंवा हक्काच्या वादाचा घ्या. हा खटला तुमच्या वर्गाला पुरेल: सुमनची सायकल बाळूनं मागून नेली, परत आणली तेव्हा चेन तुटलेली. दुरुस्तीचे 120 रुपये कुणी द्यायचे? सुमन वादी, म्हणजे तक्रार घेऊन आलेली. बाळू प्रतिवादी, म्हणजे उत्तर देणारा. इथे आरोपी कुणी नाही, तुरुंग नाही, आणि मुलांना कळतं की कोर्टात जाणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. चार साक्षीदार ठेवा. सुमनचा भाऊ: चेन आधीही दोनदा उतरली होती. शेजारच्या आजी: बाळू खडीच्या रस्त्यावरून डबलसीट जाताना पाहिला. मागे बसलेला मित्र: बाळूनं खड्डा चुकवायचा प्रयत्न केला. सायकल दुरुस्तीवाला: चेन झिजलेली होती, पण डबलसीट नसती तर अजून काही दिवस चालली असती. पुरावा असा मुद्दाम दोन्हीकडे झुकणारा ठेवायचा. पूर्ण पैसे, निम्मे, किंवा काहीच नाही, यांतला कुठलाही निकाल योग्य कारणासह देता यायला हवा.

28 मुलांची वाटणी अशी बसते. न्यायाधीश तीन, दोन्ही बाजूंचे वकील दोन-दोन, वादी, प्रतिवादी, साक्षीदार चार, नावाचा पुकारा करणारा एक, लिहून घेणारे दोन. हे सोळा झाले. अपिलाचे न्यायाधीश तीन. उरलेल्या नऊ जणांच्या हातात "वाटलं" अशी पाटी द्या. साक्षीदार अंदाज बोलला की त्यांनी पाटी वर करायची. तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश एकटेच बसतात, हे मुलांना सांगून ठेवा. आपण तिघं बसवतो ते त्यांना आपसात बोलून कारण शोधता यावं म्हणून. संवाद लिहून देऊ नका. प्रत्येक साक्षीदाराला त्याला काय माहीत आहे तेवढीच एक चिठ्ठी द्या, जास्त विचारलं तर "मला माहीत नाही" म्हणायचं. प्रत्येक बाजूला साक्षीदारामागे तीन प्रश्न. सुनावणी 25 मिनिटं, न्यायाधीशांची चर्चा 10 मिनिटं. निकाल तीन ओळींत, लेखी: काय घडलं असं आम्हाला पटलं, कशावरून पटलं, म्हणून काय करायचं. दुसरी ओळ रिकामी असेल तर निकाल वाचू देऊ नका, परत चर्चेला पाठवा.

चुरचुरीत बोलणारी चार मुलं वकील आणि गप्प मुलं प्रेक्षक, अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ देऊ नका. शांत मुलं न्यायाधीश म्हणून उत्तम बसतात, ती ऐकतात. आणि आधीच कुठला शिक्का बसलेल्या मुलाला प्रतिवादी करू नका. नाटक संपलं तरी चिडवणं संपत नाही.

निकाल न पटलेल्या बाजूला अपील करू द्या. तिथेच खऱ्या कोर्टांची उतरंड सांगा: तालुक्याचं कोर्ट, साताऱ्याचं जिल्हा न्यायालय, मग उच्च न्यायालय, त्यावर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. सातारा-सांगलीच्या लोकांना उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबईला जावं लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय. नकाशावर सातारा ते मुंबई आणि सातारा ते कोल्हापूर दोन्ही अंतरं मुलांकडून मोजून घ्या. न्याय जवळ असणं म्हणजे काय, ते त्यांना बोटांनी कळेल.

या सगळ्यात मुलं प्रश्न विचारणार. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. "लहान मुलांना तुरुंगात टाकतात का?" नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य कायद्यानं गुन्हा ठरत नाही. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजसेवक असतात, त्यांतली एक तरी स्त्री. "पोलीस मारतात का?" इथे सारवासारव करू नका, वर्गातल्या कुणीतरी ते पाहिलेलं असू शकतं. सांगा की मारण्याचा अधिकार कायद्यानं पोलिसांना दिलेला नाही. कुणाला पकडलं तर का पकडलं ते सांगावं लागतं आणि 24 तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. पोलीस चुकले तर त्यांच्यावरही तक्रार करता येते. "वकील खोट्या माणसाची बाजू का घेतात?" खोटा की खरा हे अजून ठरलेलं नसतं, म्हणून. वकील नसेल तर ज्याला नीट बोलता येत नाही तो हरेल. वकिलानं स्वतः खोटं बोलायचं नसतं. आणि पैसे नसतील तर? स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो.

एका गोष्टीची तयारी मात्र पहिल्या तासाच्या आधी हवी. अन्यायाबद्दल बोलायला लागलं की एखादं मूल तासानंतर मागे थांबतं आणि काहीतरी सांगतं. अत्याचाराचं असेल तर उलटतपासणी करू नका, "नक्की ना?" म्हणू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि चार जणांपुढे त्याला पुन्हा सांगायला लावू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, गावात मिटवू या म्हणणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा. मुलाचं नाव शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही जाता कामा नये. 1098 हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइनचा) नंबर वर्गात मोठ्या अक्षरांत लावा, आणि मोफत आहे, कधीही लागतो, हे मुलांकडून म्हणवून घ्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रार पेटी तुमच्याकडे असेलच. पेटीची किल्ली कुणाकडे असते हे मुलांना माहीत असू द्या.

आता भेटीचं. चालू कोर्टात मुलांना बेड्या दिसतात, रडणाऱ्या बायका दिसतात, तारखेला आलेला गावचाच कुणी दिसतो, आणि कामकाज त्यांना ऐकूही येत नाही. पोलीस ठाण्याला जायचं असेल तर 2 जानेवारीपासूनच्या पोलीस स्थापना सप्ताहात जा, त्या दिवसांत ठाणी शाळांसाठी खुली असतात. आधी जाऊन सांगून या की बंदुका आणि कोठडी दाखवण्यापेक्षा तक्रार कशी लिहून घेतात ते दाखवा. मुलांना कोठडीत उभं करून फोटो काढू देऊ नका.

चार शनिवार धरलेत तर आनंददायी शनिवारात, म्हणजे शाळेच्या शनिवारच्या उपक्रमांत, हे सगळं बसतं: पहिल्याला रिंगणं, दुसऱ्याला नियम आणि पट्ट्या, तिसऱ्याला बिस्किटाचा कागद, रामशास्त्री आणि मुलांचे प्रश्न, चौथ्याला सायकलचा खटला. वेळ कमीच असेल तर खटला सोडा, रिंगणं सोडू नका.

कोर्टातलं माणूस हवं असेल तर ते शाळेत बोलवा. तालुका विधी सेवा समितीच्या नावानं साधा अर्ज लिहा, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सातारा यांना. निदान तीन आठवडे आधी द्या, कारण 9 नोव्हेंबरचा विधी सेवा दिन आणि संविधान दिन यांच्या मधल्या दिवसांत सगळ्यांची धावपळ असते. अर्जात इयत्ता, मुलांची संख्या आणि वय लिहा, भाषण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको हे लिहा, आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या सोबत जोडा. चिठ्ठ्या पाहिल्या की येणारा माणूस तयारी करून येतो.